अमेरिकी प्रेडिक्शन मार्केटवरचा ग्रामीण मतदारसंघाचा भाव : एक परीक्षण

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात, म्हणजे ‘हाउस’मध्ये, ४३५ जागा आहेत आणि दर दोन वर्षांनी त्या सगळ्या नव्याने निवडल्या जातात. त्यांपैकी बहुतेक जागांचा निकाल मतदानापूर्वीच ठाऊक असतो. ज्या थोड्या जागांवर खरी चुरस असते, त्यांत विस्तीर्ण भूभागाचे आणि विरळ वस्तीचे ग्रामीण मतदारसंघही असतात. कॅल्शी, पॉलिमार्केट किंवा प्रेडिक्टइट यांसारख्या प्रेडिक्शन मार्केटवर, म्हणजे पुढे घडणाऱ्या गोष्टींवर पैशांचे सौदे होणाऱ्या सेवांवर, अशा मतदारसंघाचे पान उघडले, की पक्षाच्या नावापुढे ठळक टक्केवारी दिसते. मी येथे परीक्षण करतो आहे ते या टक्केवारीचे, आणि तेही पैसे लावण्याची सोय म्हणून नव्हे, तर माहिती पुरवणारी सेवा म्हणून. कारण ही टक्केवारी आता बातम्यांमध्ये मतचाचण्यांच्या जोडीने सांगितली जाते, आणि अध्यक्षीय निवडणुकीच्या भावाला जे वजन मिळते तेच एखाद्या ग्रामीण जागेच्या भावालाही न तपासता दिले जाते. माझ्या मते ते देऊ नये. अशा जागेचा भाव त्या मतदारसंघाच्या पूर्वेतिहासाचा आणि देशातल्या हवेचा बरा गोषवारा असतो, पण तिथल्या मतदारांच्या मनात या वर्षी काय चालले आहे याची खबर त्यात फारच कमी असते.

यंत्रणा समजायला सोपी आहे. ‘ही जागा रिपब्लिकन पक्ष जिंकेल’ असा एक करार असतो. विधान खरे ठरल्यास करारामागे एक डॉलर मिळतो, खोटे ठरल्यास काहीही मिळत नाही, म्हणून ७२ सेंटांचा भाव म्हणजे बाजाराच्या मते ७२ टक्के शक्यता. आयोवा विद्यापीठाने १९८८ साली आपला इलेक्ट्रॉनिक बाजार सुरू केला तेव्हापासून मूळ कल्पना हीच आहे. तिथे ५०० डॉलरांची मर्यादा होती. २०१४ साली न्यूझीलंडच्या व्हिक्टोरिया युनिव्हर्सिटी ऑफ वेलिंग्टनचा प्रकल्प म्हणून आलेल्या प्रेडिक्टइटने एका करारावर ८५० डॉलरांची मर्यादा ठेवली. कॅल्शीची वाट वेगळी होती. कमोडिटी फ्युचर्स ट्रेडिंग कमिशन या संघीय आयोगाने तिला २०२० साली रीतसर बाजाराचा दर्जा दिला, परंतु २०२३ मध्ये त्याच आयोगाने काँग्रेसमधील, म्हणजे अमेरिकी संसदेतील, बहुमतावरचे करार नाकारले. कॅल्शी न्यायालयात गेली, सप्टेंबर २०२४ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला, २ ऑक्टोबरला अपील न्यायालयाने स्थगिती नाकारली, आणि मतदानाला जेमतेम महिना उरला असताना निवडणुकीचे सौदे खुले झाले. पॉलिमार्केटला २०२२ च्या जानेवारीत याच आयोगाने १४ लाख डॉलरांचा दंड केला होता आणि अमेरिकी ग्राहकांसाठी तिचे दार बंद होते. तरीही २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीवर तिथे तीन अब्ज डॉलरांहून अधिक उलाढाल झाली. हा शेवटचा आकडा येथे मुद्दाम दिला आहे. बाजाराच्या शहाणपणाविषयी जे काही ऐकू येते ते अशा प्रचंड उलाढालीच्या बाजारांवरून आलेले असते, आणि ग्रामीण जागेचे पान त्याच संकेतस्थळावर, त्याच मांडणीत, त्याच रंगांत दिसत असले तरी त्याच्यामागे तेवढा पैसाही नसतो आणि तेवढे डोळेही नसतात.

परीक्षणाचा मुख्य भाग येथेच सुरू होतो, कारण पानावरची टक्केवारी नेमकी कुठून आली हे पान स्वतःहून ठळकपणे सांगत नाही. समजा, खरेदी करणाऱ्यांनी सर्वांत वरचा भाव ८१ सेंट लावला आहे, विकणारे ९३ च्या खाली यायला तयार नाहीत, आणि शेवटचा सौदा तीन दिवसांपूर्वी ९१ ला झाला होता. अशा वेळी शेवटच्या सौद्याचा आकडा धरला तर ९१ टक्के, दोन्ही भावांचा मध्य धरला तर ८७ टक्के, आणि प्रत्यक्षात बाजार एवढेच म्हणतो आहे की शक्यता ८१ आणि ९३ यांच्या दरम्यान कुठेतरी आहे. अध्यक्षीय बाजारात हा फरक एखाद्या सेंटाचा असतो, म्हणून कोणता आकडा घ्यायचा हा प्रश्न तिथे उद्भवत नाही. विरळ बाजारात मात्र तोच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरतो, आणि त्याचे उत्तर भावाच्या वहीत, म्हणजे कोणत्या भावाला किती करार मागितले आणि देऊ केले आहेत त्या यादीत सापडते. ही वही बहुतेक सेवा दाखवतात, पण एखादी पट्टी उघडल्यावर किंवा आणखी एका पानावर गेल्यावर. ग्रामीण जागेसाठी ती सर्वांत वर हवी आणि टक्केवारी तिच्या खाली.

वही पातळ असली की भाव हलवणे स्वस्त पडते. काही शे डॉलरांची एक घाईची विक्री भाव दहा सेंटांनी खाली आणू शकते, आणि आलेखावर ती रेघ अशी दिसते की जणू उमेदवाराच्या प्रचारात काही भयंकर घडले आहे. त्यावरून ‘अमुक उमेदवाराची शक्यता एका दिवसात घसरली’ अशी बातमी करणे म्हणजे एका माणसाच्या बटण दाबण्याला जनमत समजणे होय. हे केवळ विरळ बाजारांतच घडते असेही नाही. २०१२ साली इंट्रेड या आयर्लंडमधल्या बाजारावर एकाच व्यापाऱ्याने रिपब्लिकन अध्यक्षीय उमेदवार मिट रॉम्नी यांच्या बाजूने लाखो डॉलर ओतले होते आणि ते त्याने गमावले, हे नंतरच्या अभ्यासांतून पुढे आले. देशपातळीच्या बाजारात जे करायला लाखो डॉलर लागले, ते एखाद्या मतदारसंघाच्या पानावर करायला किती लागतील याचा अंदाज वाचकाने करावा. अशी ओढाताण कुणी मुद्दाम करत असेलच असे मी म्हणत नाही. मुद्दा असा की भाव मुद्दाम हलवला गेला की सहज हलला, हे बाहेरून पाहणाऱ्याला कळण्याचा मार्ग नाही.

शुल्काकडे वाचक दुर्लक्ष करतात, कारण आपण पैसे लावणार नाही तर शुल्काशी आपला काय संबंध, असे वाटते. संबंध आहे, कारण शुल्क भावाचा आकार ठरवते. प्रेडिक्टइटच्या प्रसिद्ध नियमांत नफ्यावर १० टक्के आणि पैसे काढताना ५ टक्के कपात होती. केंटकीच्या पाचव्या मतदारसंघासारखी, अपालाचियाच्या डोंगराळ भागातली, रिपब्लिकन पक्षाची अत्यंत सुरक्षित जागा घ्या. तिथे कुणी ९७ सेंटांना शंभर करार घेतले आणि अपेक्षेप्रमाणे पक्ष जिंकला, तर १०० डॉलर मिळतील, तीन डॉलरांच्या नफ्यातून ३० सेंट जातील, आणि उरलेले ९९ डॉलर ७० सेंट बाहेर काढताना जवळजवळ पाच डॉलर जाऊन हातात ९४ डॉलर ७१ सेंट येतील. ९७ डॉलर लावले, भाकीत अचूक ठरले, आणि तरीही तोटा झाला. गणित केले तर नव्याने आणलेल्या पैशासाठी सुमारे ९४ सेंटांच्या वरचा प्रत्येक भाव तोट्याचाच आहे, म्हणून जवळजवळ निश्चित असलेली जागाही तिथे निश्चित दिसणे कठीण होते, आणि हरणाऱ्या पक्षाला पाच-सहा टक्के शक्यता असल्याचा भास होतो. तो भास वाचकाने संकेत समजू नये. कॅल्शीचे सर्वसाधारण शुल्क-सूत्र या बाबतीत अधिक शहाणपणाचे आहे. भाव मध्यावर असताना ते सर्वांत जास्त घेते, शंभर करारांवर १ डॉलर ७५ सेंट, आणि भाव ९५ सेंट असताना फक्त ३४ सेंट. त्यामुळे टोकाचे भाव टोकापर्यंत जाऊ शकतात. पैसा महिनोन्महिने अडकवून ठेवायचा असेल तर दोन सेंटांच्या नफ्यासाठी कुणी फारसे येत नाही, ही अडचण मात्र कोणत्याही सूत्राने जात नाही.

आता मूळ प्रश्न: बाजाराकडे माहिती येते कुठून? अध्यक्षीय निवडणुकीत दर आठवड्याला मतचाचण्यांचा पूर असतो. ग्रामीण हाउस-जागेवर सबंध हंगामात स्वतंत्र चाचणी एखादीच होते किंवा होतच नाही, आणि जी आकडेवारी बाहेर येते ती बहुधा एखाद्या प्रचारयंत्रणेने आपल्या सोयीची म्हणून सोडलेली असते. म्हणून व्यापारी करतो ते एवढेच: मागच्या अध्यक्षीय निवडणुकीत मतदारसंघ कुणीकडे झुकला होता ते पाहायचे, कुक पोलिटिकल रिपोर्टसारख्या संस्थेने जागा कुणासाठी किती सुरक्षित याचे दिलेले मानांकन पाहायचे, सांख्यिकी प्रारूप काय म्हणते ते पाहायचे, आणि त्याच्या आसपास भाव लावायचा. हे करण्यात गैर काही नाही. पण असा भाव मानांकनाला दुजोरा देतो असे म्हणता येत नाही, कारण तो मानांकनातूनच निघालेला असतो. एकाच उगमाचे दोन आकडे शेजारी ठेवून त्यांना दोन साक्षीदार म्हणण्याची चूक बातम्यांमध्ये वारंवार होताना दिसते.

त्या उगमातच दोष असला तर काय होते हे २०२२ मध्ये दोन ठिकाणी दिसले. वॉशिंग्टन राज्याच्या तिसऱ्या मतदारसंघात, म्हणजे व्हँकूव्हर शहर आणि त्याच्याभोवतीच्या जंगलतोडीवर व मासेमारीवर जगलेल्या काउंट्यांमध्ये (काउंटी म्हणजे राज्यातला जिल्ह्यासारखा विभाग), फाइव्हथर्टीएट या निवडणूक-अंदाज मांडणाऱ्या संकेतस्थळाच्या प्रारूपाने डेमोक्रॅटिक उमेदवार मेरी ग्लूसेनकँप पेरेझ यांना शंभरात दोन एवढी शक्यता दिली होती. त्या सुमारे २,६०० मतांनी निवडून आल्या. कोलोरॅडोच्या तिसऱ्या मतदारसंघात, जो आकाराने सबंध पेनसिल्व्हेनिया राज्याहून मोठा आहे, रिपब्लिकन लॉरेन बोबर्ट यांना शंभरात ९७ शक्यता होती. त्या जिंकल्या खऱ्या, पण ५४६ मतांनी आणि फेरमोजणीनंतर. दोन टक्क्यांची गोष्ट कधीतरी घडणारच, हा प्रारूपाचा बचाव मला मान्य आहे, आणि एका निकालावरून कोणत्याही शक्यतेला खोटे ठरवता येत नाही हेही खरे. परंतु दोन्ही ठिकाणची कारणे स्थानिक होती आणि ती आधीपासून उघड होती. वॉशिंग्टनमध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगाच्या बाजूने मत देणाऱ्या रिपब्लिकन खासदार जेमी हरेरा ब्यूटलर ऑगस्टच्या प्राथमिक फेरीतच बाद झाल्या होत्या आणि त्यांच्या मतदारांपैकी किती जण रिपब्लिकन उमेदवार जो केंट यांच्याकडे जातील हाच सगळा प्रश्न होता. पेरेझ यांचे स्वतःचे मोटारदुरुस्तीचे दुकान होते, आणि अशा उमेदवाराविषयी त्या काउंट्यांतल्या लोकांना काय वाटते याची नोंद करणारा रकाना प्रारूपात नव्हता. बाजाराची खरी उपयुक्तता येथे असायला हवी होती, कारण प्रारूपाला न दिसणारे माणसाला दिसते असाच बाजाराचा दावा आहे. पण ते पाहणारी माणसे त्या काउंट्यांत राहतात, आणि भाव लावणारी बहुतांशी दूर, पडद्यासमोर बसलेली असतात.

मेनचा दुसरा मतदारसंघ हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला क्षेत्रफळाने याहून मोठा मतदारसंघ नाही, आणि देशातल्या सर्वांत ग्रामीण मतदारसंघांत त्याची गणना होते. २०१६, २०२० आणि २०२४ या तिन्ही अध्यक्षीय निवडणुकांत तो डोनाल्ड ट्रम्प यांच्याकडे गेला. २०१८ पासून २०२४ पर्यंतच्या चारही हाउस-निवडणुकांत तो डेमोक्रॅटिक पक्षाच्या जेरेड गोल्डन यांनी जिंकला, शेवटची तर तीन हजारांहून कमी मतांनी. अध्यक्षपदासाठी एका आणि हाउससाठी दुसऱ्या पक्षाला मत देणारे असे मतदार देशात कमी होत चालले आहेत, आणि म्हणून ‘ते आता संपले’ असे धरून भाव लावणारा बहुतेक ठिकाणी बरोबर ठरतो. मेनमध्ये तो चार वेळा चुकला असता.

या सेवांचा जो भाग सर्वांत कमी वाचला जातो तोच मला सर्वांत मोलाचा वाटतो: कराराचे नियम. निकाल म्हणजे काय, हे प्रत्येक करार वेगळे ठरवू शकतो. मतदानाच्या रात्री वृत्तसंस्थांनी घोषित केलेला विजेता, राज्याने प्रमाणित केलेला विजेता, की जानेवारीत शपथ घेणारा सदस्य? शहरी, मोठ्या फरकाच्या जागांवर तिन्ही एकच असतात. नॉर्थ कॅरोलायनाच्या नवव्या मतदारसंघात २०१८ साली ते तिन्ही एक निघाले नाहीत. शार्लटच्या उपनगरांपासून ब्लेडनसारख्या ग्रामीण काउंटीपर्यंत पसरलेल्या त्या जागेवर रिपब्लिकन मार्क हॅरिस ९०५ मतांनी पुढे होते, परंतु ब्लेडनमधल्या टपाली मतपत्रिकांच्या गैरव्यवहारामुळे राज्याच्या निवडणूक मंडळाने निकाल प्रमाणित करायला नकार दिला, फेब्रुवारी २०१९ मध्ये नव्याने निवडणूक घेण्याचा आदेश निघाला, आणि १० सप्टेंबर २०१९ ला त्याच पक्षाचे डॅन बिशप निवडून आले, हॅरिस नव्हे. उमेदवाराच्या नावाचा करार, पक्षाच्या नावाचा करार आणि विशिष्ट तारखेपर्यंत शपथ घेण्याचा करार यांची अशा वेळी वेगवेगळी उत्तरे येऊ शकतात. नियम वाचल्याशिवाय भाव वाचणे अशा जागांवर निरर्थक आहे. पॉलिमार्केटच्या मुख्य व्यवस्थेत वाद उरला तर तो उमा या डिजिटल नाण्याच्या (टोकनच्या) धारकांच्या मतदानाने सुटतो. एका मतदानाच्या निकालाचा वाद दुसऱ्याच लोकांच्या मतदानाने सोडवण्याची ही पद्धत मला पसंत नाही, पण ती निदान उघड लिहिलेली असते.

आयोवाच्या दुसऱ्या मतदारसंघात २०२० साली मॅरिॲनेट मिलर-मीक्स १,९६,९६४ विरुद्ध १,९६,९५८, म्हणजे सहा मतांनी जिंकल्या. निवडणुकीवरच्या सौद्यांचा अमेरिकेतला पहिला विद्यापीठीय प्रयोग जिथे झाला ते आयोवा सिटी शहर तेव्हा याच मतदारसंघात होते. प्रतिस्पर्धी रीटा हार्ट यांनी सभागृहाकडे केलेली तक्रार मार्च २०२१ अखेर मागे घेतली. अशा जागेचा मतदानाआधीचा कोणताही भाव, ३० असो की ७०, नंतर तपासून पाहण्यात अर्थ नाही.

ही सेवा खरोखर चांगली चालते ती मतमोजणीच्या रात्री. त्या काही तासांत माहिती सार्वजनिक असते, काउंटीनिहाय आकडे सगळ्यांना एकाच वेळी मिळतात, आणि मागच्या खेपेशी ते पडताळून पाहणाऱ्या व्यापाऱ्यांचा भाव वाहिनीवरच्या चर्चेपेक्षा पुष्कळ आधी योग्य दिशेला वळतो. स्थानिक माहितीची उणीव येथे राहत नाही, कारण स्थानिक लोकांनी आपले म्हणणे मतपेटीतून सांगून टाकलेले असते. अट एकच: मोजणीचा कायदा माहीत हवा. २०२२ च्या नियमांनुसार कोलोरॅडोत मतपत्रिका मतदानाच्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंत पोहोचलीच पाहिजे, तर वॉशिंग्टनमध्ये त्या दिवसाचा टपालशिक्का पुरेसा होता, म्हणून तिथे मोजणी आठवडाभर चालू राहिली आणि पेरेझ यांची सुरुवातीची आघाडी रोज घटत गेली. अलास्कात देशांतर्गत टपाली मते दहा दिवसांपर्यंत स्वीकारली जात. २०२२ च्या १६ ऑगस्टच्या हाउसच्या पोटनिवडणुकीत डेमोक्रॅटिक मेरी पेल्टोला पहिल्या पसंतीच्या मतांत पुढे होत्या, पण पन्नास टक्क्यांच्या बऱ्याच खाली, आणि रिपब्लिकन सेरा पेलिन यांच्यावर त्यांचा विजय पसंतीक्रमाच्या मोजणीनंतर, म्हणजे बाद उमेदवाराची मते मतदारांच्या पुढच्या पसंतीकडे वळवल्यानंतर, ३१ ऑगस्टला ठरला. तिसऱ्या क्रमांकावर राहून बाद झालेले रिपब्लिकन निक बेगिच यांच्या मतदारांपैकी जवळपास निम्म्यांनीच दुसरी पसंती पेलिन यांना दिली होती. पंधरा दिवस तो एकच आकडा कुणालाही ठाऊक नव्हता, आणि भाव त्याच एका आकड्याचा अंदाज होता.

सदस्य होण्याच्या अटी, राज्यांच्या जुगारविरोधी यंत्रणांशी चाललेले वाद आणि उमेदवारांना व त्यांच्या कर्मचाऱ्यांना घातलेली मनाई यांविषयी येथे अधिक लिहीत नाही. वाचणाऱ्याला पान विनामूल्य दिसते, एवढे या परीक्षणापुरते पुरे आहे. माहिती म्हणून या सेवेला मी अध्यक्षीय निवडणुकीसाठी जेवढे गुण देईन त्याच्या निम्मेही ग्रामीण जागेच्या मतदानपूर्व भावाला देणार नाही, आणि मोजणीच्या रात्री मात्र दुसरे काही उघडण्याआधी हेच पान उघडीन.

गोल्डन यांनी पुन्हा उभे न राहण्याचे नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केल्यामुळे ३ नोव्हेंबर २०२६ ला मेनची ती जागा विद्यमान सदस्याविना लढवली जाईल. तिथे दोनपेक्षा अधिक उमेदवार असून कुणालाच निम्म्याहून जास्त पहिल्या पसंती मिळाल्या नाहीत, तर मतपत्रिका राजधानी ऑगस्टाला नेऊन पुढच्या पसंती मोजल्या जातात. २०१८ मध्ये रिपब्लिकन ब्रूस पोलिक्विन पहिल्या फेरीत सुमारे दोन हजार मतांनी पुढे होते आणि शेवटी सुमारे साडेतीन हजार मतांनी हरले. पहिल्या पसंतीत पुढे कोण आणि अंतिम विजेता कोण, असे दोन स्वतंत्र करार एखाद्या सेवेने त्या जागेसाठी उघडले, तर दोन भावांमधल्या अंतरावरून निदान एवढे तरी कळेल, की भाव लावणाऱ्यांनी मेनचा कायदा वाचला आहे की नाही.